नवा कन्सोल घेताना जुन्या गेमचा विचार करावा का?

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे जुने गेम नव्या कन्सोलवर, म्हणजे गेम खेळण्याच्या नव्या यंत्रावर, चालतील का या एकाच विषयाभोवती फिरणारी असल्याने ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे २०१७ साली घेतलेला प्लेस्टेशन ४ आहे आणि वीस-बावीस डिस्क आहेत, त्यांतल्या निम्म्या जुन्या बाजारातून घेतलेल्या. बारावीची परीक्षा झाल्यावर मुलाला प्लेस्टेशन ५ हवा आहे. दुकानदार सांगतो की नवा कन्सोल घरी आला की जुने गेम कोणी खेळत नाही, तेव्हा डिस्क ड्राइव्ह नसलेला स्वस्त कन्सोल घ्या. त्याचे ऐकावे का? — एक पालक, नाशिक

उत्तर : ऐकू नये. तुमच्या घरी ज्या प्रकारचा संग्रह आहे तो पाहता हा सल्ला तुम्हाला महागात पडेल.

दुकानदाराचे म्हणणे अगदीच निराधार आहे असे मात्र नाही. प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीचे तत्कालीन वरिष्ठ अधिकारी जिम रायन यांनी २०१७ साली जाहीरपणे म्हटले होते की जुने गेम चालण्याची सोय लोक मागतात पुष्कळ, पण प्रत्यक्षात वापरतात थोडी. त्याच वर्षी ‘आर्स टेक्निका’ या तंत्रविषयक अमेरिकी प्रकाशनाने मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स वन या कन्सोलच्या वापराची एक पाहणी छापली; तिच्यात एक्सबॉक्स ३६० या आधीच्या कन्सोलच्या जुन्या गेमवर गेलेला वेळ एकूण वापराच्या जेमतेम दीड टक्का निघाला. मायक्रोसॉफ्टने त्यावर उत्तर दिले की एक्सबॉक्स वन वापरणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांनी निदान एक तरी जुना गेम खेळलेला आहे. ही दोन विधाने परस्परविरोधी वाटली तरी दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात, कारण एक तासांची मोजणी आहे आणि दुसरी माणसांची. एखादा आवडता गेम वर्षातून चार संध्याकाळी खेळणाऱ्या माणसाचे तास एकूण बेरजेत दिसतही नाहीत; त्या चार संध्याकाळी त्याला किती महत्त्वाच्या वाटतात हे टक्केवारी सांगत नाही. म्हणून ‘लोक खेळतात का’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘आपल्या घरी कोण, काय खेळणार’ हाच प्रश्न विचारावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

शिवाय प्लेस्टेशन ४ चे गेम जुने म्हणावेत असे फारसे नाहीत. प्लेस्टेशन ५ नोव्हेंबर २०२० मध्ये जगात आणि २ फेब्रुवारी २०२१ रोजी भारतात आला, पण त्यानंतरही ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’, ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ आणि ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक’ हे २०२२ मधले सोनीचे स्वतःचे मोठे गेम दोन्ही कन्सोलसाठी निघाले. तुमच्या वीस-बावीस डिस्कांमध्ये असा एखादा असण्याची शक्यता बरीच आहे.

या डिस्क प्लेस्टेशन ५ वर चालतील का, याचे उत्तर समाधानकारक आहे. दोन्ही कन्सोलचे प्रोसेसर एएमडी या कंपनीने एकाच घराण्यातले बनवलेले असल्याने जुना गेम नव्या यंत्रावर चालवण्यासाठी भाषांतरासारखी खटपट फारशी करावी लागत नाही. प्लेस्टेशन ४ च्या ४,००० हून अधिक गेमपैकी ९९ टक्क्यांपेक्षा जास्त चालतात असे सोनीने सांगितले होते, आणि कन्सोल बाजारात येताना न चालणाऱ्या गेमची जी यादी दिली तिच्यात फक्त १० नावे होती. काही गेम तर नव्या यंत्रावर अधिक चांगले चालतात. २०१८ चा ‘गॉड ऑफ वॉर’ पूर्वी सेकंदाला ३० चित्रे दाखवत असे, तो फेब्रुवारी २०२१ च्या अपडेटनंतर प्लेस्टेशन ५ वर ६० दाखवतो. ज्या गेमच्या निर्मात्यांनी असे अपडेट दिले नाही ते मात्र होते तसेच राहिले. २०१५ चा ‘ब्लडबोर्न’ हे त्याचे ठळक उदाहरण असून त्याचे चाहते अजूनही ३० चित्रांवरच खेळत आहेत.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येऊ. डिस्क ड्राइव्ह नसलेल्या कन्सोलमध्ये तुमची एकही डिस्क चालणार नाही, आणि डिस्क हाती असल्याचा पुरावा दाखवून तोच गेम डाऊनलोडच्या रूपात मिळवण्याची कोणतीही सोय सोनीने दिलेली नाही. जे खेळायचे ते पुन्हा विकत घ्यावे लागेल. भारतात २०२१ साली ड्राइव्ह असलेल्या कन्सोलची किंमत ४९,९९० रुपये आणि नसलेल्याची ३९,९९० रुपये होती. २०२४ मध्ये स्लिम हे सडपातळ मॉडेल आले तेव्हा हे आकडे ५४,९९० आणि ४४,९९० होते. दोन्ही वेळी फरक १०,००० रुपयांचाच होता, आणि प्लेस्टेशन ५ चा एक नवा मोठा गेम साधारण ५,००० रुपयांच्या घरात जातो. म्हणजे ड्राइव्ह वगळून वाचवलेले पैसे दोन गेम खरेदीत संपतात. तुम्ही निम्म्या डिस्क जुन्या बाजारातून घेतल्या आहेत, ही गोष्ट तर मला निर्णायक वाटते. डिस्क वापरणाऱ्याला संपलेला गेम विकता येतो, मित्राशी अदलाबदल करता येते, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्याच शहरातल्या ओळखीच्या दुकानात निम्म्या किमतीत दुसरा शोधता येतो. ड्राइव्ह नसलेल्या कन्सोलच्या मालकाला एकच दुकान उरते, ते कन्सोलच्या आतले, आणि तिथली सवलत कधी लागेल हे त्याच्या हातात नसते.

पैशांची अडचणच असेल तर एक मधला मार्ग आहे. स्लिमचा ड्राइव्ह सुटा असल्यामुळे ड्राइव्ह नसलेला स्लिम आज घेऊन तो नंतर जोडता येतो. पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागते. २०२० च्या मूळ जाड मॉडेलमध्ये ही सोय नाही, त्यामुळे कोणी जुना डिजिटल (ड्राइव्ह नसलेला) कन्सोल कमी दरात देऊ करत असेल तर मॉडेल नीट पाहून घ्यावे.

मुलाने प्लेस्टेशन ४ विकण्याची घाई करू नये. दोन्ही कन्सोल एकाच वाय-फायवर ठेवून, त्याच खात्याने लॉग-इन करून, आधी सगळे सेव्ह (गेममधली साठवलेली प्रगती) नव्या यंत्रावर न्यावेत आणि दोन-तीन गेम उघडून खात्री करावी. जुने गेम साध्या यूएसबी हार्ड डिस्कवर ठेवून थेट तिथूनच खेळता येतात, त्यामुळे प्लेस्टेशन ५ च्या आतली महागडी जागा अडत नाही. जुना कंट्रोलरही फेकू नये; प्लेस्टेशन ५ चे गेम त्याने खेळता येत नसले तरी प्लेस्टेशन ४ चे येतात, आणि घरात खेळणारे दोघे असतील तर एक कंट्रोलर वाचतो.

प्रश्न : माझ्याकडे प्लेस्टेशन २ आणि प्लेस्टेशन ३ च्या मिळून शंभराहून जास्त डिस्क आहेत. दोन्ही यंत्रे आता कुरकुर करतात. प्लेस्टेशन ५ घेतला तर या डिस्क त्यात चालतील का? नसतील तर मग घ्यावा तरी का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : चालणार नाहीत. प्लेस्टेशन ५ फक्त प्लेस्टेशन ४ च्या आणि स्वतःच्या डिस्क ओळखतो.

हे असे का झाले ते समजून घेतले तर पुढचा निर्णय सोपा होईल. प्लेस्टेशन २ मार्च २००० मध्ये जपानमध्ये आला तेव्हा त्यात पहिल्या प्लेस्टेशनचा प्रोसेसरच बसवलेला होता. एरवी तो कंट्रोलर आणि मेमरी कार्डाची कामे सांभाळी आणि जुनी डिस्क घातली की स्वतः गेम चालवी. २००६ च्या पहिल्या प्लेस्टेशन ३ मध्येही अमेरिका आणि जपानसाठी प्लेस्टेशन २ च्या मुख्य चिप बसवल्या होत्या. पण ते यंत्र अमेरिकेत ४९९ आणि ५९९ डॉलरना विकले जात होते आणि खर्च कमी करणे भाग होते. युरोपातल्या २००७ च्या मॉडेलमधून एक चिप गेली आणि तिचे काम सॉफ्टवेअरवर आले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस निघालेल्या ४० जीबीच्या मॉडेलमधून ही सोय पूर्णच गेली. प्लेस्टेशन ३ चा स्वतःचा ‘सेल’ प्रोसेसर तर इतका वेगळ्या घडणीचा होता की २०१३ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ४ साठी साध्या संगणकासारखी रचना स्वीकारली, तेव्हा मागच्या पिढीचे सगळेच गेम वाऱ्यावर राहिले. सोनी आज प्लेस्टेशन ३ चे काही गेम वर्गणीदारांना दूरच्या सर्व्हरवरून दाखवते, पण ज्या वरच्या वर्गणीत ते मिळतात ती भारतात दिली जात नाही; आपल्याकडे तिच्या जागी ‘डीलक्स’ नावाची वर्गणी आहे आणि तिच्यात जुन्या पिढ्यांचे निवडक गेम डाऊनलोड करता येतात. तुमच्या हातातल्या डिस्कशी तिचा काहीही संबंध नाही.

याचा परिणाम किती दूरवर जातो ते पाहा. २०१० चा ‘रेड डेड रिडेम्प्शन’ प्लेस्टेशन ३ वर डिस्कने खेळलेल्या माणसाला सोनीच्या नव्या कन्सोलवर तो थेट विकत मिळायला ऑगस्ट २०२३ उजाडला, आणि तेव्हाही पूर्ण पैसे पुन्हा मोजावे लागले. एक्सबॉक्सवाल्यांची तीच जुनी डिस्क २०१६ पासून नव्या यंत्रावर चालत होती. हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने प्लेस्टेशन २ साठी २००९ मध्ये केलेला ‘हनुमान : बॉय वॉरियर’ हा तर भारतात घडलेल्या कन्सोल गेमच्या इतिहासातला महत्त्वाचा टप्पा, पण तो पाहायचा तर जुनी डिस्क आणि जुने यंत्रच लागते. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या अभ्यासात असे आढळले की २०१० पूर्वी तिथे प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. तुमच्या शंभर डिस्कांत असे बरेच असणार. म्हणूनच, जागा अडते म्हणून किंवा घरचे म्हणतात म्हणून त्या रद्दीत देऊ नका, अशी माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे.

म्हणजे तुमच्यासमोर खरे तर दोन वेगळे खर्च आहेत आणि ते एकमेकांत मिसळू नयेत. प्लेस्टेशन ५ घ्यायचा तर त्यावरच्या नव्या गेमसाठी घ्या. जुन्या संग्रहासाठी मात्र चालू अवस्थेतला प्लेस्टेशन ३ दुरुस्त करून किंवा जुन्या बाजारातून घेऊन ठेवा. तो शोधताना समोरची यूएसबीची तोंडे मोजावीत. चार तोंडे असलेले जाड मॉडेल सापडले तर ते प्लेस्टेशन २ च्या डिस्कही घेते, दोन तोंडांचे घेत नाही. स्लिम आणि सुपर स्लिमही घेत नाहीत. पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्क मात्र प्लेस्टेशन ३ च्या प्रत्येक मॉडेलवर चालतात. चार तोंडांची यंत्रे आता खूप जुनी झाली असून तापून बंद पडण्याबद्दल ओळखली जातात, त्यामुळे दुकानात निदान तासभर गेम चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. प्लेस्टेशन २ च्या गेमसाठी स्वतंत्र प्लेस्टेशन २ ठेवणे मला अधिक भरवशाचे वाटते. नव्या टीव्हीला पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरींची जागा नसेल तर एचडीएमआयमध्ये रूपांतर करणारी छोटी डबी मिळते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. त्या काळी आपल्याकडे नकली डिस्क चालाव्यात म्हणून वेगळी चिप बसवलेले प्लेस्टेशन २ सर्रास विकले जात आणि त्यांसोबत नकली डिस्क येत. तुमच्या संग्रहात तशा असतील तर त्या अशी चिप नसलेल्या कोणत्याही यंत्रावर चालणार नाहीत, म्हणून यंत्र खरेदी करण्याआधी अस्सल डिस्क वेगळ्या काढाव्यात. कोल्हापूरचा पावसाळा लक्षात घेता अस्सल डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात, कारण दमट हवेत डिस्कवर आणि यंत्राच्या लेन्सवर बुरशी धरते.

प्रश्न : एक्सबॉक्स ३६० च्या काळापासून मी मायक्रोसॉफ्टचे कन्सोल वापरतो. सिरीज एस आणि सिरीज एक्स यांपैकी कोणता घेतला तर जुने गेम चालतील? — एक वाचक, ठाणे

उत्तर : जुन्या गेमच्या बाबतीत मायक्रोसॉफ्टने केलेले काम या क्षेत्रात सर्वांत मोलाचे आहे, असे माझे ठाम मत आहे. एक्सबॉक्स वन २०१३ मध्ये निघाला तेव्हा तोही मागचे काही चालवत नव्हता. नोव्हेंबर २०१५ पासून एक्सबॉक्स ३६० चे आणि २०१७ पासून २००१ च्या पहिल्या एक्सबॉक्सचे गेम सॉफ्टवेअरच्या साह्याने टप्प्याटप्प्याने चालू झाले. आज अशा चालणाऱ्या गेमच्या यादीत ३६० चे ६०० हून अधिक गेम आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये शेवटची भर पडली आणि परवाने, कायदा व तंत्र यांच्या मर्यादांमुळे यापुढे भर पडणार नाही असे कंपनीने सांगितले. म्हणून तुमच्याकडचा प्रत्येक गेम यादीत आहे का ते आधी पाहावे. आज नसलेला उद्या येईल या आशेवर कन्सोल घेऊ नये.

तुमचे गेम डिस्कवर असतील तर सिरीज एक्सच घ्यावा लागेल, आणि तोही ड्राइव्ह असलेला. सिरीज एसला ड्राइव्ह नाही. तुमचे बहुतेक गेम खात्यावर डाऊनलोडच्या रूपात असतील तर मात्र सिरीज एस पुरेसा आहे, कारण यादीतले खरेदी केलेले गेम त्याच खात्यात आपोआप दिसतात. ३६० ची डिस्क नव्या यंत्रात घातली की गेम डिस्कवरून न चालता इंटरनेटवरून उतरवला जातो आणि डिस्क फक्त मालकीची खूण म्हणून आत लागते. तेव्हा चांगले इंटरनेट हवे. किनेक्टचे, म्हणजे कॅमेऱ्यासमोर अंग हलवून खेळायचे, गेम दोन्ही यंत्रांवर चालत नाहीत.

डिस्कचा आणखी एक फायदा गाड्यांच्या गेममध्ये दिसतो. गाड्या आणि संगीत यांचे परवाने ठरावीक मुदतीचे असल्याने ‘फोर्झा होरायझन ३’ सप्टेंबर २०२० मध्ये आणि ‘फोर्झा होरायझन ४’ डिसेंबर २०२४ मध्ये डिजिटल विक्रीतून काढले गेले. ज्यांनी आधी घेतले होते त्यांचे चालू राहिले, पण आज नव्याने हवे असतील तर जुन्या बाजारातली डिस्क हाच सरळ मार्ग उरतो. ३६० चे स्वतःचे दुकान २९ जुलै २०२४ रोजी बंद झाले आहे. तुमचे ३६० वरचे सेव्ह अजून त्याच यंत्रात असतील तर ते आधी क्लाउडवर चढवा आणि मगच यंत्र कोणाला द्या.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलींकडे निन्टेंडो स्विच आहे आणि मी स्वतः त्यावर ‘रिंग फिट’ने व्यायाम करते. स्विच २ घेतला तर आधीचे गेम वाया जातील का? — एक वाचक, एडिसन

उत्तर : वाया जाणार नाहीत. स्विच २ जून २०२५ मध्ये आला असून पहिल्या स्विचची बहुतेक सर्व गेम-कार्डे आणि डाऊनलोड त्यावर चालतात. उलट दिशेने मात्र चालत नाही. स्विच २ चे कार्ड जुन्या स्विचमध्ये घालता येणार नाही, त्यामुळे एक मुलगी जुना आणि दुसरी नवा वापरणार असेल तर पुढची खरेदी करताना याचा विचार करावा लागेल. ‘सुपर मारिओ ओडिसी’सारख्या काही गेमना स्विच २ वर अधिक चांगले दिसण्यासाठी मोफत अपडेट मिळाले आहे, तर ‘झेल्डा’च्या दोन मोठ्या गेमच्या सुधारित आवृत्तीसाठी प्रत्येकी १० डॉलर पडतात, निन्टेंडोची ‘एक्स्पान्शन पॅक’ची वर्गणी असेल तर तेवढे वाचतात. सुधारित आवृत्ती न घेताही मूळ गेम चालतोच.

तुमच्या व्यायामाबाबत मात्र जपून राहा. नव्या कन्सोलचे जॉय-कॉन (कडेचे सुटे कंट्रोलर) आकाराने मोठे असल्याने ते ‘रिंग फिट’च्या रिंगमध्ये बसत नाहीत, म्हणून ‘रिंग फिट’साठी जुने जॉय-कॉन राखून ठेवावे लागतील. ते स्विच २ शी बिनतारी जोडले जातात, पण त्याच्या कडेला लागत नाहीत आणि म्हणून तिथे चार्जही होत नाहीत. चार्जिंगसाठी वेगळे साधन घ्यावे लागते किंवा जुना स्विचच घरी ठेवावा लागतो. जुन्या स्विचमध्ये मायक्रोएसडी कार्ड वापरत असाल तर त्यावरचे गेम नव्या यंत्रात तसेच उघडणार नाहीत, कारण स्विच २ गेमसाठी फक्त मायक्रोएसडी एक्सप्रेस प्रकारचे कार्ड घेतो. आतली जागा २५६ जीबी आहे आणि दोन मुलींच्या गेमना सुरुवातीला ती पुरावी. एक्सप्रेस कार्ड साध्या कार्डापेक्षा बरेच महाग असल्याने ते पहिल्याच दिवशी घेण्याची गरज नाही. जुना स्विच कोणाला देण्याचा विचार असेल तर आधी दोन्ही यंत्रे शेजारी ठेवून मुलींची खाती आणि सेव्ह नव्यावर आणून घ्यावेत.